रेगन नावाची बखर

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या सरकारने अमेरिकी दूरचित्रवाणीवर एक मिनिटाची जाहिरात चालवली. तिच्यात आवाज होता अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा. परदेशी मालावर जबर आयातशुल्क लावणे देशभक्तीचे वाटते, पण ते फार काळ चालत नाही, त्यातून व्यापारयुद्धे पेटतात आणि शेवटी आपल्याच लोकांच्या नोकऱ्या जातात, असे ते शांतपणे सांगत होते. विद्यमान अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प या जाहिरातीने इतके भडकले की त्यांनी कॅनडाशी चालू असलेली व्यापारविषयक बोलणी थांबवल्याचे जाहीर केले, रेगन यांना आयातशुल्क आवडत असे असा दावा केला आणि जाहिरात बनावट असल्याचा आरोप केला. रेगन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानानेही मूळ भाषणाचा विपर्यास झाल्याची तक्रार केली. जो माणूस १९८९ मध्ये पायउतार झाला आणि २००४ मध्ये वारला, त्याला काय आवडत असे यावरून दोन शेजारी देशांची बोलणी अडली.

मूळ भाषण शोधायला कोणतेही गुप्त दफ्तर उघडावे लागत नाही. २५ एप्रिल १९८७ रोजी, शनिवारी, रेगन यांनी नेहमीप्रमाणे रेडिओवरून जे छोटेसे साप्ताहिक भाषण केले, तेच हे. त्याचे निमित्त असे होते की सेमीकंडक्टरच्या व्यापाराविषयीचा करार जपानने पाळला नाही, म्हणून रेगन यांनी काही जपानी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर नुकतेच १०० टक्के शुल्क लावले होते. असे पाऊल उचलायला आपले मन घेत नव्हते, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग आयातशुल्काचे तोटे समजावून दिले. ओंटारिओच्या जाहिरातीने तोटे ठेवले, शुल्क गाळले आणि वाक्यांचा क्रमही थोडा बदलला. दुसऱ्या बाजूने बोलणारे शुल्क ठेवतात आणि तोटे गाळतात. सबंध भाषण मात्र दोघांच्याही सोयीचे नाही, कारण त्यात बोलणे मुक्त व्यापाराचे आहे आणि कृती शुल्काची. याच रेगन यांच्या काळात १९८१ मध्ये जपानला अमेरिकेत जाणाऱ्या मोटारींच्या संख्येवर मर्यादा घालून घ्यावी लागली आणि १९८३ मध्ये मोठ्या आयात मोटारसायकलींवर जबर शुल्क बसले.

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बखर बहुधा घटनेनंतर काही काळाने लिहिली जाते, कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते, आणि लिहिताना समोर बसलेल्या धन्याला काय हवे आहे याचे भान सुटत नाही. तिच्यातले सगळे खोटे असते असे मुळीच नाही, पण काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ती आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे ठरवते. अमेरिकेतील उजव्या विचारांच्या माजी अध्यक्षांभोवती जी आठवणींची प्रभावळ उभी राहिली आहे, ती समजून घ्यायला हाच भेद उपयोगी पडतो. प्रभावळ डाव्यांच्याही लाडक्या अध्यक्षांभोवती आहे. जॉन केनेडी यांचे नाव घेतले की पाहणीत आजही दहापैकी नऊ अमेरिकी लोक त्यांच्या कारभाराला पसंती देतात. मात्र एका माजी अध्यक्षाचे नाव देशभर कोरण्यासाठी रीतसर मोहीम काढली गेली ती रेगन यांच्यासाठी, म्हणून हा लेख बराचसा त्यांच्याविषयी आहे.

रेगन मूळचे इलिनॉय राज्यातले, जन्म १९११ चा. हॉलिवूडमध्ये नट, नटांच्या संघटनेचे अध्यक्ष, मग दूरचित्रवाणीवर एका मालिकेचे सूत्रधार, १९६७ पासून आठ वर्षे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर आणि १९८१ ते १९८९ रिपब्लिकन पक्षाकडून देशाचे अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास. १९८४ ची निवडणूक त्यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकून मारली. कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहावे, वाक्य कुठे थांबवावे आणि विनोद कधी करावा हे त्यांच्या अंगात मुरले होते. मार्च १९८१ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून त्यांनी डॉक्टरांना, तुम्ही सगळे रिपब्लिकन असाल अशी आशा आहे, असे म्हटले. दंतकथेला लागणारा कच्चा माल या माणसाजवळ खराच होता. तो कोणाला आणून टाकावा लागला नाही.

बखरीतले पहिले प्रकरण करांचे. रेगन यांनी कर कमी केले, ही गोष्ट खरी आहे. त्यांनी सत्ता घेतली तेव्हा व्यक्तिगत उत्पन्नावरील सर्वात वरचा दर ७० टक्के होता. १९८१ च्या कायद्याने तो ५० वर आला आणि १९८६ च्या कायद्याने २८ वर. परंतु पहिल्या कपातीनंतर तिजोरीला पडलेले भगदाड पाहून त्यांनीच १९८२ मध्ये मोठ्या करवाढीवर सही केली, १९८३ मध्ये निवृत्तिवेतन योजना वाचवण्यासाठी पगारावरील कर वाढवला आणि १९८४ मध्ये आणखी एक वाढ मान्य केली. आपल्या तत्त्वांना सोडचिठ्ठी दिली म्हणून नव्हे, तर आकडे जुळत नव्हते म्हणून त्यांनी हे केले, आणि माझ्या मते राज्यकर्ता म्हणून ही त्यांची जमेची बाजू आहे. गंमत अशी की त्यांच्या भक्तांनी नेमकी हीच बाजू पुसून टाकली, कारण पुढच्या पिढीतल्या रिपब्लिकन उमेदवारांकडून, कर कधीही वाढवणार नाही, अशी लेखी शपथ घ्यायची होती आणि त्या शपथेवर खुद्द रेगन यांना सही करता आली नसती.

दुसरे प्रकरण छोट्या सरकारचे. २० जानेवारी १९८१ च्या शपथविधीनंतरच्या भाषणातले एक वाक्य जगभर उद्धृत होते: सरकार हा आपल्या समस्येवरचा उपाय नाही, सरकार हीच समस्या आहे. मूळ वाक्याच्या आरंभी, या सध्याच्या पेचप्रसंगात, असे शब्द आहेत. ते शब्द असले की वाक्य एका विशिष्ट आर्थिक संकटाविषयी बोलते आणि गळले की ते त्रिकालाबाधित सिद्धांत होते. बखरीत ते बहुधा गळतात. प्रत्यक्षात संरक्षणावरचा खर्च फुगला, देशाचे कर्ज आठ वर्षांत जवळपास तिप्पट झाले, आणि पुढे १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ३१ लाख चौरस फुटांची जी अवाढव्य सरकारी वास्तू उघडली गेली तिला नाव मिळाले रोनाल्ड रेगन यांचे. केंद्र सरकारच्या इमारतींत आकाराने तिच्यापुढे होते ते फक्त पेंटॅगॉन.

महागाई आटोक्यात आली हेही त्यांच्या खात्यावर लिहिले जाते. १९८० मध्ये ती १३ टक्क्यांच्या वर होती आणि १९८३ पर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली. ज्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखाने व्याजदर २० टक्क्यांपर्यंत चढवून हे घडवले, त्या पॉल व्होल्कर यांची नेमणूक १९७९ मध्ये जिमी कार्टर यांनी केली होती. त्या कडू औषधाने १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली आणि जानेवारी १९८३ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत रेगन यांची लोकमान्यता ३५ टक्क्यांवर घसरली. तरीही त्यांनी व्होल्कर यांना दूर केले नाही, उलट पुन्हा नेमले. श्रेय द्यायचेच तर या धीराचे द्यावे, पण धीर धरण्याच्या गोष्टीला पुतळा शोभत नाही आणि कार्टर यांचे नाव घेतले की बखरीचा सूर बिघडतो. इराणमध्ये ४४४ दिवस ओलीस असलेल्या ५२ अमेरिकी लोकांचेही तसेच. रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांतच त्यांची सुटका झाली, म्हणून इराण नव्या अध्यक्षाला घाबरला असे सांगितले जाते. सुटकेचा करार मात्र आदल्याच दिवशी, अल्जीरियाच्या मध्यस्थीने, कार्टर यांच्या लोकांनी पक्का केला होता.

आता भिंत. बर्लिनमधल्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोर १२ जून १९८७ रोजी रेगन यांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना, ही भिंत पाडा, असे आवाहन केले. भाषणाचा मसुदा पीटर रॉबिन्सन या तरुण लेखनिकाचा होता. परराष्ट्र खात्याने आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने हे वाक्य काढावे म्हणून पुन्हा पुन्हा दुसरे मसुदे पाठवले, गोर्बाचेव्ह यांना चिडवण्यात काय अर्थ, असे त्यांचे म्हणणे होते. पण रेगन यांनी वाक्य ठेवले. त्या दिवशी त्याची फार मोठी बातमी झाली नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत खरोखर पडली, तेव्हा सत्तेवर थोरले जॉर्ज बुश होते, आणि त्यानंतर हे वाक्य मागे जाऊन भविष्यवाणी ठरले. पोलंडमधल्या कामगारांनी दशकभर दिलेला लढा, सोव्हिएत अर्थव्यवस्थेची झालेली दुरवस्था आणि बळ न वापरण्याचा गोर्बाचेव्ह यांचा निर्णय हे सगळे मग त्या एका वाक्याच्या सावलीत गेले.

आणि इथेच बखरीने आपल्या नायकाचा सर्वात मोठा गुण हरवला, असे मला वाटते. रेगन यांचे शीतयुद्धातले खरे धाडस दटावण्यात नव्हते, बोलणी करण्यात होते. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे पूर्णपणे नष्ट करण्याच्या करारावर सही केली. त्या वेळी त्यांच्याच गोटातले कडवे लोक त्यांच्यावर तुटून पडले होते; हिटलरपुढे नमणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्याशी तुलना करणाऱ्या जाहिराती छापल्या गेल्या. ज्यांनी त्यांना भाबडे ठरवले त्यांच्याच राजकीय वारसांनी पुढे शत्रूशी बोलणी नकोत असे सांगताना रेगन यांचाच दाखला दिला. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरूतला स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर रेगन यांनी काही महिन्यांतच तिथले सैन्य मागे घेतले, ही गोष्टही त्या दाखल्यांत येत नाही.

जे मुळीच सांगितले जात नाही ते आणखी अवघड आहे. एड्सची पहिली प्रकरणे जून १९८१ मध्ये नोंदली गेली. या विषयावर रेगन यांचे पहिले मोठे भाषण झाले ते मे १९८७ मध्ये, तोवर २० हजारांहून अधिक अमेरिकी माणसे दगावली होती. इराणला चोरून शस्त्रे विकल्याचे आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचे १९८६ च्या अखेरीस उघड झाले. मार्च १९८७ मध्ये रेगन यांनी देशाला सांगितले की आपण ओलिसांच्या बदल्यात शस्त्रे दिली नाहीत असे आपले मन अजूनही म्हणते, पण वस्तुस्थिती आणि पुरावे तसे म्हणत नाहीत. कबुली आणि नाकबुली एकाच वाक्यात मावणे ही कला आहे, हे मान्य करावे लागते.

मग हे सगळे लोक विसरले कसे? आपोआप विसरले नाहीत. पायउतार झाल्यानंतर तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, गॅलपने अमेरिकी लोकांना रेगन यांच्या कारभाराविषयी मागे वळून विचारले, तेव्हा पसंती ५० टक्के होती. २००२ मध्ये ती ७३ टक्के झाली. मधल्या दहा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. पहिली मानवी होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये रेगन यांनी देशाला उद्देशून एक पत्र लिहिले आणि आपल्याला अल्झायमर झाल्याचे, आयुष्याच्या सूर्यास्ताकडे नेणारा प्रवास आपण आता सुरू करत असल्याचे कळवले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून नाहीसे झाले. जो माणूस स्वतःच विसरत चालला आहे त्याचे जुने हिशेब मांडायला कोणाची जीभ रेटणार?

दुसरी गोष्ट संघटित होती. करकपातीसाठी झटणाऱ्या ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांनी १९९७ मध्ये रेगन यांचा वारसा जपण्याचा प्रकल्प काढला. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे विभाग आहेत. त्या प्रत्येकात रेगन यांच्या नावाचे काहीतरी असावे, रस्ता, शाळा, निदान एखादी वास्तू, असे उद्दिष्ट ठेवले गेले. १९९८ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या ८७ व्या वाढदिवशी, वॉशिंग्टनच्या विमानतळाला त्यांचे नाव देणाऱ्या विधेयकावर डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केली. स्थानिक लोकप्रतिनिधींचा विरोध होता. १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका झटक्यात बडतर्फ करणाऱ्या अध्यक्षाचे नाव विमानतळालाच मिळाले, याची टोचणी त्यांच्या संघटनेला लागली नसती तरच नवल. पुढे तिथल्या मेट्रो स्थानकाच्या पाट्यांवर नवे नाव दिसेना, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पाट्याही बदलायला लावल्या. स्थानिक स्वायत्ततेचे गुणगान करणाऱ्या नेत्याच्या नावासाठी वॉशिंग्टनमधल्या खासदारांनी स्थानिकांवर हुकूम सोडावा, यात काही विसंगती आहे असे बहुधा कोणाला वाटले नसावे. दहा सेंटच्या नाण्यावरून फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हटवून रेगन यांना बसवावे अशी सूचना २००३ मध्ये आली, तेव्हा मात्र नॅन्सी रेगन यांनीच ती नाकारली.

जून २००४ मध्ये रेगन गेले. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवरून शवपेटी निघाली तेव्हा तिच्यामागे स्वार नसलेला एक घोडा चालवला होता आणि त्याच्या रिकिबीत रेगन यांचे स्वतःचे घोडेस्वारीचे बूट उलटे, टाचा पुढे करून अडकवलेले होते. लष्करी अंत्ययात्रेतली ही जुनी प्रथा. पडलेला सेनानी आपल्या सैन्याकडे शेवटचे वळून पाहतो असा तिचा अर्थ लावतात. पार्थिव मग विमानाने कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीला नेले गेले आणि तिथल्या टेकडीवर, मावळत्या सूर्याच्या उजेडात, दफनविधी झाला. या सोहळ्याची आखणी अनेक वर्षे आधीपासून तयार होती. तो सबंध आठवडा वाहिन्यांवर दुसरे काही नव्हते म्हटले तरी चालेल, आणि पुतळ्यांची पुढची पिढी त्या आठवड्याने घडवली.

ती टेकडी म्हणजे रेगन यांचे ग्रंथालय. अमेरिकेत माजी अध्यक्षाच्या नावाचे ग्रंथालय उभे करण्याची पद्धत आहे: इमारत खासगी देणग्यांतून बांधायची, कागदपत्रे केंद्र सरकारच्या अभिलेखागाराने सांभाळायची आणि संग्रहालयाच्या मांडणीत त्या अध्यक्षाच्या प्रतिष्ठानाचा हात ठेवायचा. म्हणजे अस्सल कागद आणि बखर एकाच छपराखाली, पण तिकीट काढून पाहायला मिळते ती बखर. सिमी व्हॅलीत बर्लिनच्या भिंतीचा तुकडा आहे आणि एका भल्या मोठ्या दालनात सात अध्यक्षांनी वापरलेले अख्खे बोइंग ७०७ विमान उभे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या विमानाच्या पुढ्यात रिपब्लिकन इच्छुकांची वादसभा झाली आणि मंचाच्या मध्यभागी उभे होते डोनाल्ड ट्रम्प. अमेरिकेला पुन्हा थोर करू या, ही घोषणा १९८० च्या प्रचारात रेगन यांनी वापरली होती. त्याच रेगन यांनी १९८६ मध्ये ज्या स्थलांतर कायद्यावर सही केली त्याने सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि अध्यक्षपदाच्या अगदी शेवटच्या दिवसांत ते म्हणाले होते की फ्रान्समध्ये राहायला जाऊन कोणी फ्रेंच होत नाही, पण जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेला माणूस अमेरिकी होऊ शकतो. हे वाक्य आता ट्रम्प यांचे विरोधक सांगतात. नव्वदच्या दशकात रेगन करकपातीचे दैवत होते, इराक युद्धाच्या वेळी कणखरपणाचे, आणि आता ते सभ्यतेचे दैवत होऊ लागले आहेत. मूर्ती तीच, पूजा बदलती.

सभ्यतेच्या या आठवणीचा लाभ धाकट्या जॉर्ज बुश यांनाही झाला आहे, आणि तोही कोणत्याही मोठ्या मोहिमेशिवाय. २००९ मध्ये सीएनएनच्या पाहणीत त्यांच्याविषयी अनुकूल मत ३३ टक्क्यांचे होते. जानेवारी २०१८ मध्ये ते ६१ टक्के झाले आणि डेमोक्रॅटांमध्येही निम्म्याहून अधिक लोकांना ते बरे वाटू लागले. इराक तेच होते, तिथे न सापडलेली महासंहारक अस्त्रेही तीच होती. बदलला होता तो त्यांच्यानंतर दुसऱ्या क्रमांकाने आलेला अध्यक्ष. सप्टेंबर २०१८ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या अंत्यविधीत बुश यांनी मिशेल ओबामा यांच्या हातात हळूच एक चघळायची गोळी सरकवली, ते चित्रण लाखो लोकांनी पाहिले आणि एका युद्धाचा विसर पडायला तेवढे पुरेसे झाले. रिचर्ड निक्सन यांना एवढे भाग्य लाभले नाही. ज्यामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला ते वॉटरगेटचे प्रकरण त्यांच्या ग्रंथालयात अनेक वर्षे निक्सन यांच्या समर्थकांच्या नजरेतून मांडलेले होते. अभिलेखागाराने कारभार हाती घेतल्यावर २०११ मध्ये नवे, पुराव्यांवर आधारलेले दालन उघडले.

भारतातून पाहिले की या माणसांचे चेहरे वेगळे दिसतात. निक्सन यांची आपल्याकडची आठवण वॉटरगेटची नाही, १९७१ मध्ये बंगालच्या उपसागराकडे धाडलेल्या आरमाराची आहे. रेगन यांनी १९८१ मध्ये पाकिस्तानला ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि एफ-१६ विमाने देऊ केली. पण आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला लागणाऱ्या इंधनाचा, पोखरणच्या पहिल्या चाचणीनंतर अडलेला प्रश्न १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत फ्रान्सला मध्ये घालून सुटला, तोही रेगन यांच्याच संमतीने. धाकट्या बुश यांच्याविषयी आपल्याकडे जो जिव्हाळा टिकून आहे तो २००८ च्या अणुकरारामुळे, ज्याच्या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी भारताची बाजू ताणून धरली होती. इराकी माणसाला बुश यांची अशी आठवण येण्याचे कारण नाही.

ट्रम्प यांना मात्र रेगन पुरेनासे झाले असावेत, कारण त्यांनी आणखी मागे जाऊन आपला पूर्वज शोधला. २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्या दिवशीच, त्यांनी अलास्कातल्या डेनाली शिखराला पुन्हा माउंट मॅकिन्ली म्हणण्याचा आदेश काढला. अलास्काच्या विधिमंडळाने डेनाली हेच नाव राहावे असा ठराव केला. विल्यम मॅकिन्ली ओहायोचे. ते शिखर काय, अलास्काही त्यांनी कधी पाहिले नव्हते. १८९६ मध्ये, ते अध्यक्षपदाचे उमेदवार असताना, सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका माणसाने त्यांचे नाव त्या शिखराला देऊन टाकले होते. ट्रम्प यांना ते आवडतात ते आयातशुल्कामुळे, कारण १८९० चा जबर शुल्काचा कायदा मॅकिन्ली यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या कायद्यानंतरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष आपटला आणि त्यांची स्वतःची जागाही गेली. पुढे अध्यक्ष झाल्यावर, ५ सप्टेंबर १९०१ रोजी, बफेलो शहरातल्या प्रदर्शनात केलेल्या भाषणात मॅकिन्ली यांनी श्रोत्यांना सांगितले की एकलकोंडेपणाचा काळ आता मागे पडला आहे आणि व्यापारी युद्धांत कोणाचाच फायदा नसतो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठवडाभराने ते वारले, त्यामुळे ते त्यांचे शेवटचे भाषण ठरले. शिखराच्या नामांतराच्या आदेशात मॅकिन्ली यांच्या आयातशुल्काची स्तुती आहे, बफेलोच्या भाषणाचा उल्लेख नाही.